मागच्या चाकाची हवा

कायतानबद्दल लवू परबला खरं तर फार थोडं माहीत होतं. तो परळला पुलाखाली पंक्चरचं दुकान चालवायचा, चहा बशीत ओतून प्यायचा आणि बोलताना माणसाकडे न बघता त्याच्या गाडीकडे बघायचा, एवढंच. तो राहतो कुठं, घरी कोण आहे, हे लवूनं दीड वर्षात एकदाही विचारलं नाही. ते कळलं तो वारल्यावर, दुकानाच्या बंद शटरवर चिकटवलेल्या कागदावरून. कागदावर फोटो होता, ठाकूरद्वारच्या एका वाडीचा पत्ता होता आणि खाली मुलीचं नाव, ओलिव्हिया. लवूनं तो कागद उभ्याउभ्या दोनदा वाचला. इतक्या वेळा ज्याच्याशी बोललो त्याचं आडनाव आपल्याला असं कळावं, याची त्याला लाज वाटली. तेव्हा जेवढं ठाऊक आहे तेवढंच सांगायचं. त्यातही चुकलंमाकलं असेल.

ओळख झाली मीराबाईच्या आजारपणात. मीराबाई म्हणजे लवूची बायको. तिच्या छातीतली गाठ काढली आणि डॉक्टरांनी रेडिएशनचे पंचवीस शेक सांगितले. शनिवार-रविवार सोडून रोज जायचं आणि मशीनखाली पाच-दहा मिनिटं निजून यायचं. लालबागच्या चाळीतून परळचं हॉस्पिटल काही लांब नाही. पण टॅक्सीत बसलं की तिला मळमळायचं आणि बसच्या पायऱ्या चढवत नव्हत्या. राहिली लवूची जुनी मोटरसायकल. उघड्या वाऱ्यात तिला बरं वाटायचं. जीव जायचा तो खड्ड्यांनी. चाक आदळलं की टाक्यांच्या बाजूला अशी कळ जायची की ती लवूचा शर्ट मुठीत धरून ठेवायची. सहावा शेक घेऊन परत येताना पुलाखाली तिनं गाडी थांबवायला लावली, उतरली आणि फुटपाथच्या कठड्यावर बसली.

"माका आता नको," ती म्हणाली. "सहा झाले तेवढे बस झाले."

"अगो, पंचवीस सांगितलेत."

"मगे उरलेले तुमी घ्या."

मध्येच सोडलं तर आजवरचं सगळं वाया जाईल, असं नर्सनं बजावून सांगितलं होतं. पण मीराबाई एकदा नको म्हणाली की तिला कोणी हलवू शकत नसे, हे तो चाळीस वर्षं बघत आला होता.

कठडा कायतानच्या दुकानासमोरच होता. हातातली ट्यूब खाली ठेवून तो उठून आला. मीराबाईकडे बघितलं नाही, लवूकडेही नाही. मागच्या टायरवर अंगठा दाबला आणि मीटर लावला.

"एक्केचाळीस," तो म्हणाला. "बॉस, ही हवा कोणी मारली?"

"मीच. पंपावर सांगून भरून घेतो."

"एक्केचाळीस कशाला?"

लवूनं वाकून टायरच्या कडेला उठवलेला आकडा दाखवला. "हा काय. लिहिलाय."

कायताननं चेनच्या कव्हरवरचा, कंपनीनं हवेचे आकडे छापलेला मळका स्टिकर बोटानं पुसला. "आणि हा?"

"तो कागद आहे."

लवूची तेवीस वर्षं गिरणीत बॉयलरवर गेली होती. तिथं लोखंडात उठवलेला आकडा तोच खरा. चिकटवलेले कागद काय, साहेब बदलला की बदलायचे. गिरणी बंद झाली, तिच्या जागी काचेचा टॉवर आला, तरी लवूच्या डोक्यातली ही शिस्त गेली नव्हती. उलट बायको आजारी, तिला घेऊन जायचं, म्हणून तो रोज सकाळी न चुकता पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांत त्या उठवलेल्या आकड्याएवढी हवा भरून घ्यायचा. हे त्यानं कायतानला सांगितलं.

कायतान उकिडवा बसून ऐकत होता. "बॉयलरवर होता ना तू? मग सांग. प्लेटवर जो आकडा होता, तिथपर्यंत स्टीम रोज न्यायचा काय?"

"वेडा काय? तिथं गेली तर सेफ्टी वॉल्व उडायचा. आम्ही खालीच ठेवायचो. काम असेल तशी."

"मग हा पण तसलाच आकडा आहे. ह्याच्या वर जायचं नाही, एवढंच सांगतो. किती ठेवायची ते नाही सांगत."

लवू वाकून टायरवरचा आकडा पुन्हा वाचू लागला.

"तेवीस वर्सां बॉयलर सांभाळल्यानी," कठड्यावरून मीराबाई म्हणाली, "आणि हडे माजी हाडां मोडल्यानी."

कायतान हसला. ती हसली नाही.

स्टिकरवर मागच्या चाकाला एकट्यासाठी अठ्ठावीस आणि डबलसीटला बत्तीस लिहिलं होतं. कायताननं दोघांना गाडीवर बसायला सांगितलं आणि चार पावलं मागे जाऊन टायर किती दबतो ते पाहिलं. "कंपनीनं खाती-पिती माणसं धरलीत," तो म्हणाला. "तुम्ही दोघं मिळून दीड." मग त्यानं दोन्ही चाकांतली हवा सोडली. "आता टायर गरम आहे, आकडा खोटा दाखवणार. आज अंदाजानं ठेवतो. उद्या सकाळी या. वहिनी, तुम्ही पण या."

"मी शेकाक जाणार नाय," मीराबाई म्हणाली.

"शेकाचं तुमचं तुम्ही बघा. मला फक्त सांगायचं, मागे बसून कसं वाटतं. हा पुढे बसतो, ह्याला काय कळणार?"

दुसऱ्या दिवशी साडेनऊला मीराबाई चप्पल घालून दारात उभी होती. लवूनं गाडी काढली. कायताननं मागे अठ्ठावीस ठेवली, पुढे पंचवीस. हॉस्पिटलच्या गेटापर्यंत जाऊन परत यायचं ठरलं होतं. गेटापर्यंत पोचल्यावर ती थोडा वेळ सीटवरच बसून राहिली, मग म्हणाली, "आता आलोच तर घेवन टाकूया."

परतताना तिनं कायतानला सांगितलं, "लागता, पण कालच्या एवढा नाय. वळणार मात्र गाडी मागसून डुलता."

"सिग्नलच्या वळणावर की पुलाच्या?"

"पुलाच्या. पाळणो हलवतत तशी."

कायताननं मान डोलावली. हॉस्पिटलात सगळे तिला विचारायचे, दुखतं का, हो की नाही. कुठल्या वळणावर, किती, कसं, असं विचारणारा हा पहिलाच. तिसऱ्या दिवशी त्यानं तीस करून पाहिली. त्यात डुलणं थांबलं, पण गेटाजवळच्या खड्ड्यात पुन्हा कळ गेली. चौथ्या दिवशी एकोणतीस ठेवली आणि ती मीराबाईनं पास केली.

तोवर नऊ शेक झाले होते, आणि सोडून द्यायचा विषय कोणी काढला नव्हता. रोज थांबून कायतानला रिपोर्ट द्यायचा हा नेमच झाला. खड्ड्यांना तिनं नंबर दिले होते. एकदा ती म्हणाली, "आज तीन नंबरात जोरात आदळली." कायताननं मीटर लावून बघितला आणि म्हणाला, "हवा बरोबर आहे, वहिनी. ड्रायव्हर बदला."

सगळे दिवस असे गेले नाहीत. पंधराव्यानंतर तिची कातडी काळी पडली, सोलली. बोलायचंही बळ नसायचं. त्या दिवसांत ती सीटवरूनच हात आडवा करून दाखवायची, म्हणजे ठीक. कायतान तिकडून मान हलवायचा आणि कामाला लागायचा. लवूला घरी धीर देणारे पुष्कळ होते, पण त्याला खरा धीर यायचा तो ह्या हात-मानेच्या खुणांनी.

पंचविसावा शेक झाला त्या दिवशी मीराबाईनं गावाहून आलेलं खाजं नेलं. कायताननं एक तुकडा तोंडात टाकला.

"कडक आहे," तो म्हणाला.

"मगे थोडी हवा सोड," मीराबाई म्हणाली, आणि कायतान ठसका लागेपर्यंत हसला.

त्यानंतर जाणं कमी झालं. तपासणीला जाताना लवू हवा बघायला थांबायचा, दोन शब्द व्हायचे. कायतान हल्ली खोकायचा. लवूनं एकदा विचारलं, तर तो टायरची धूळ म्हणाला आणि लवूनं ते मानलं.

शेवटची भेट एप्रिलमधली. लवू सकाळी एकटाच आला होता. कायतान मागच्या चाकाशी बसला.

"मीरा सत्तेचाळीस किलोची झाली," लवूनं सांगितलं. "चाळीस होती. डॉक्टर म्हणाले, आता सहा महिन्यांनी या."

कायताननं मीटर लावला, पंपाची नळी लावली, पुन्हा मीटर लावला.

"किती केलीस?"

"एकतीस. दोन वाढवली."

"चालेल?"

"मला काय विचारतो? वहिनींना बसव आणि त्या काय बोलतात ते सांग."

"सांगतो," लवू म्हणाला आणि त्यानं किक मारली.