काळ्या शर्टाचं झबलं

ही गेली आणि पायजम्यात नाडी ओवायला घरात एक सेफ्टी पिन सापडेना. हिच्या बांगडीला कायम चार-पाच लटकलेल्या असायच्या, त्यामुळं मी कधी शोधलीच नव्हती.

मी वाशीच्या मार्केटात पोती वाहिली. शिकलो चौथीपर्यंत. गाण्यातलं मला कळत नाही. मुलगा रबाळ्याला कंपनीत लागला तेव्हा, नव्वद सालानंतर, टेपवर इंग्रजी आरडाओरडा लावायचा. त्याला पंक म्हणतात. ही मेथी निवडायला बसली की तिला सांगायचा, विलायतेत मागं पोरांना कामधंदे नव्हते, वाजवायला धड येत नव्हतं, तरी त्यांनी बँड काढले. स्वतःचे कपडे फाडून पिनांनी जोडले.

"पिना माझ्याकडनं न्यायच्या होत्या की," ही म्हणायची.

बोटीवरच्या एका मित्रानं त्याला तसल्याच बँडचा त्या काळातला काळा शर्ट आणून दिला. रंग विटलेला, काखेत भोक. त्यावर ओरडणारं एक तोंड छापलेलं. तो शर्ट तो कुणाला धुवायलाही देत नसे.

संक्रांतीला लेक माहेरी आली होती, तिच्या पोराचं, आमच्या नातवाचं, बोरन्हाण होतं. पोराला काळं झबलं हवं, आणि नवं कापड अंगाला टोचतं. हिनं तो शर्ट कापला.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला. बायका बोरं-चुरमुरे ओतत होत्या आणि नातवाच्या पोटावर ते अर्धं तोंड.

"आई, हे कशाचं शिवलंस?"

"तुझ्या त्या फाटक्याचं. दुसरं काळं होतं काय घरात?"

तो आल्या पावली खाली गेला. नंतर कितीतरी दिवस तिच्याशी बोलला नाही. ताट वाढलं की जेवायचा, एवढंच.

"फाटकाच होता ना हो?" हिनं मला विचारलं.

"होता. पण त्याला तोच हवा होता."

लेक सासरी जाताना हिनं ते झबलं मागून ठेवलं. टाके उसवले. चिंधी टाकायची सवय तिला नव्हतीच, सगळे तुकडे होते. चष्मा लावून जोडत बसली. एका बाजूला कापड कमी पडलं, तिथं बांगडीच्या पिना लावल्या आणि शर्ट त्याच्या खुंटीवर अडकवला.

त्यानं तो बराच वेळ हातात धरला. मग अंगात घातला. दंडात रुतत होता.

"श्वास घेता येतोय का?" ही म्हणाली.

"येतोय. भूक लागलीय, वाढ."

ही आत गेली आणि डोळे पुसून भाकरी थापायला बसली. कांदा चिरलेला नव्हता.

आता तो शर्ट त्याच्या कपाटात आहे. असले शर्ट जमवणारा त्याचा एक दोस्त बघून म्हणाला, शिवणीनं वाया गेला. मुलानं त्याला चहा पाजला आणि शर्ट परत घडी करून ठेवला.

नाडीसाठी मी त्यातली एक पिन मागितली.

"त्या नको, बाबा," तो म्हणाला. चपला घालून खाली गेला, पिनांचं पाकीट घेऊन आला, आणि माझा पायजमा मांडीवर घेऊन नाडी ओवत बसला. हिच्यासारखीच जीभ दातात धरून.