हरकतवाले घरमालक

आपल्या भाडेकरूंनी आपली खोली सोडून स्वतःच्या घरात राहायला जावं म्हणून रक्त आटवणारा घरमालक या भूतलावर एकच झाला, आणि तो नेमका आमच्या वाट्याला आला. चाकणच्या कंपन्यांच्या पाठीमागे त्यांच्या पत्र्याच्या आठ खोल्या आहेत. बीडहून येऊन आम्ही त्यातल्या एकीत संसार मांडला, तेव्हा चावी हातात देताना ते म्हणाले, "लई दिवस राहू नका राव. हे काय घर हाय व्हय?" स्वतःच्या खोलीची अशी जाहिरात ऐकून माझी बायको घाबरलीच, तिला वाटलं, इथे भुताटकी असणार.

भुताटकी होतीच, पण ती विकास आराखड्याची. सरकारने भागाचा नकाशा काढून लोकांच्या हरकती मागवल्या आणि मालकांना जन्माचं काम मिळालं. खिशात कायम दोन स्केचपेनं. पिवळं घरांसाठी, जांभळं कारखान्यांसाठी. वर्तमानपत्र, लग्नपत्रिका, एकदा तर माझी पगाराची स्लिप, जे हाताला लागेल त्यावर ते गाव काढून रंगवत. लग्नाला गेले की अक्षता पडायच्या आधी नवरदेवाला विचारणार, "ऱ्हाणार कुठं?" एका सकाळी काठी टेकत आमच्या खोलीत शिरले, शेगडीपाशी थांबले आणि गंभीरपणे म्हणाले, "सूनबाई, तुमच्या शेगडीवरनं अठरा मीटरचा रस्ता चाललाय." बायको म्हणाली, "मग त्याला म्हणावं, चहा घेऊन जा." रस्ता काही आला नाही. चहा मालकांनीच घेतला, वर साखर कमी असल्याची हरकतही नोंदवली.

त्यांचं सगळं भांडण गावठाणाला लागून असलेल्या गायरानासाठी होतं. तिथे कामगारांसाठी आणि गावातल्या बेघरांसाठी परवडतील अशी लहान घरं व्हावीत, हा त्यांचा हट्ट. "कामाला माणूस पायजे, पण माणसाला घर न्हाई. मग मशिनखाली झोपायचं का त्येनं?" असं ते विचारत आणि आम्ही हसायचो. पण खरं सांगतो, त्यांनी गायरानावर काढलेल्या त्या पिवळ्या ठिपक्यात आमचं स्वयंपाकघर कुठल्या बाजूला येईल, हेसुद्धा मी आणि बायकोने ठरवून टाकलं होतं.

सुनावणीच्या दिवशी मालक इस्त्रीचा सदरा घालून, आम्हा सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज घेऊन गेले. मीही रजा टाकून सोबत होतो. त्यांचं नाव पुकारलं आणि तेवढ्यात एक लेकुरवाळी बाई पुढे आली. साहेबांनी विचारलं, "काका, यांचं आधी घेऊ का?" जन्मभर ज्याच्या त्याच्यावर हरकत घेणारा हा माणूस तिथे नेमका विरघळला. "घ्या की साहेब, माझी काय हरकत न्हाई." कारकुनाने कर्तव्यदक्षपणे त्यांच्या नावापुढे लिहिलं, 'अर्जदाराची हरकत नाही', आणि रजिस्टर पुढे सरकवलं. चष्मा घरी राहिला होता. हजेरीची सही समजून मालकांनी ती झोकात ठोकली. पुन्हा नंबर येईना म्हणून विचारायला गेलो, तर कारकून म्हणाला, "तुमचं झालं की काका. ही बघा सही." साहेब तोवर जेवायला उठले होते.

मंजूर नकाशात गायरान जांभळं निघालं. आज तिथे गोदाम आहे. मालाला राहायला ऐसपैस जागा झाली. कारकुनाने काहीही लिहिलं असतं तरी रंग तोच लागला असता, हे शेंबडं पोरही सांगेल. मी मालकांना शंभरदा सांगितलं, त्यांना पटत नाही. आपल्या एका शब्दाने सगळ्यांची घरं गेली असं धरून ते बसलेत, आणि ज्यांनी खरोखर घालवली ते खुशाल आहेत. या गोष्टीची मला अजून चीड येते.

परवा एक नवं जोडपं खोली बघायला आलं. नवऱ्याने सहज विचारलं, "मालक, पुढंमागं इकडं घर घेण्यासारखी जागा आहे का कुठं?" मालकांनी गोदामाच्या भिंतीकडे बघितलं.

"न्हाई रं बाबा," ते म्हणाले. "हितं नुसतं काम हाय."

मग नव्या नवरीची ट्रंक स्वतः उचलून त्यांनी आत नेऊन ठेवली. त्यांच्याजवळ जाऊन दोन शब्द बोलावेत असं मला फार वाटलं. पण कंपनीची बस येऊन थांबली होती.