तेल लावलेला बाण

माझे सासरे आणि माझे यजमान एकमेकांशी बोलत नसत. एका घरात राहून, एका पंगतीला बसून बोलत नसत. सासरे तांडेल. मंगळूरची कौलं शिडाच्या मचव्यात भरून आणण्यात त्यांचा जन्म गेलेला. मुलाने सुकाणू हातात घ्यायच्या वयात परदेशी आगबोटीवर नोकरी धरली, पुढे मचवा विकावा लागला, आणि म्हाताऱ्याने तोंड मिटलं ते मिटलंच. हे वर्षा-दीड वर्षाने सुट्टीवर यायचे आणि तेवढे दिवस माझ्या नाकी नऊ यायचे. कारण बोलणं बंद असलं तरी सांगणं चालूच होतं. "त्येका सांग, नारळ पाडूक झालेत." "बाबांका सांग, उद्या माणूस येतलो." दोघे एकाच ओट्यावर बसलेले आणि मधे मी, भाताचं भांडं हातात घेऊन. दोघांना ऐकू येतंय हे ठाऊक असूनही मला ते वाक्य पुन्हा म्हणावं लागे. नाही म्हटलं तर म्हातारा माझ्याकडे टक लावून बघत बसे.

ही साठ सालानंतरची गोष्ट. त्या खेपेला ह्यांनी अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरातून एक खोका आणला. मला वाटलं, आता तरी साडी. निघाली पुठ्ठ्याची लांब नळी, पातळ लाकडाचे पंख, एक टोकदार शेंडा आणि करंगळीएवढ्या, दारू ठासलेल्या कागदी नळकांड्या. नळकांडीला हे मोटर म्हणायचे. ती शेपटीत बसवायची, वात पेटवायची, की बाण आभाळात जातो आणि वर गेल्यावर कागदी छत्री उघडून हळू खाली येतो म्हणे. चाळिशीला आलेला माणूस ओट्यावर मांडी घालून तासन् तास पंख चिकटवत बसे. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. मी मासळी वाळत घालायची की ह्यांची खळ शिजवायची?

बाण जोडून झाला आणि सासरे, जे इतके दिवस न बघितल्यासारखं करत होते, ते म्हणाले, "त्येका सांग, कागदाची वस्तू ही. खाऱ्या वाऱ्यात टिकाची नाय. तेल लाव म्हणा."

तेल म्हणजे काजूच्या टरफलांचं. आमच्याकडे होड्यांना लावतात, वाळवी लागू नये, पाणी शिरू नये म्हणून. काळं, चिकट, आणि कातडीला लागलं तर भाजतं. मी ह्यांच्याकडे बघितलं. खोक्यातल्या इंग्रजी कागदावर असलं काही लिहिलेलं नसणार, एवढं मलाही कळत होतं. पण हे उठले आणि मागच्या पडवीतून तेलाचा डबा घेऊन आले. बाणाला तेलाचे दोन हात दिले. नळी धरायला मी होते, त्यामुळे माझ्या बोटांची सालं निघाली ती वेगळीच.

पहिल्यांदा उडवला तेव्हा सासरे आले नाहीत, आम्ही दोघेच किनाऱ्यावर गेलो. बाण अर्ध्या माडाएवढा वर गेला, आडवा झाला आणि वाळूत तोंड खुपसून पडला. तेलाने तो इतका जड झाला होता की त्या करंगळीएवढ्या मोटरीचं काही चालेना.

"मग बाबांना सांगा, तेलानं घात केलान," मी म्हटलं.

"तेलाचा नाव काढू नको," हे म्हणाले. "इतक्या वर्सांनी बाबांनी माका एक काम सांगल्यानी. ता चुकीचा कसा म्हणू गो मी?"

मला राग आला, आणि वाईटही वाटलं. घरी सासऱ्यांनी विचारलं, "बाण गेलो काय?" तर मी सांगितलं, मोटर लहान पडली.

मग हे मोठ्या मोटरीच्या मागे लागले. जत्रेला नळे-बाण करणारा एक दारूकामवाला कुडाळच्या बाजूला होता, त्याच्याकडून अंगठ्याएवढ्या जाड नळकांड्या ठासून आणल्या. त्या बाणाच्या शेपटीत मावेनात. मग मोटर बसवायची आतली बारीक नळी कापून काढली. काठीवर जुन्या पंचांगाची पानं खळ लावून गुंडाळली आणि नवी रुंद नळी केली. मोटर जड म्हणून शेपटी जड झाली, म्हणून पांगाऱ्याच्या फळीचे मोठे पंख आले. तरी तोल जमेना, म्हणून शेंड्यात जाळ्याचं शिसं भरलं. हे बाणाला मधोमध दोरा बांधून खळ्यात डोक्याभोवती गरगर फिरवायचे. बाण तोंड पुढे करून फिरला तर बरोबर, शेपटी पुढे आली तर चूक. माझ्या वाळत घातलेल्या मासळीवरून बाण फिरत असायचा आणि सुट्टी संपत आलेली. सोमवारी निघायचं होतं. ह्या खेपेलाही हे बापाशी न बोलताच निघणार, ते मला दिसत होतं. सासऱ्यांची छाती तेव्हा बरी नव्हती. पुढच्या सुट्टीपर्यंत म्हातारा राहील की नाही, ते मी मनात ठेवलं होतं. ह्यांनीही ठेवलं असावं, नाहीतर बाणावर इतकी मेहनत कोण करतं?

शनिवारी ओहोटीला सासरे काठी टेकत स्वतःहून किनाऱ्यावर आले. हातात नारळ. नवी होडी पाण्यात लोटताना गाऱ्हाणं घालतात, तसं ह्याचंही घालायला हवं, म्हणाले. आणि टोपी सारखी करून, दर्याकडे तोंड करून त्यांनी गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान ह्या काय ता केल्यान हा. ता सरळ जांवदे."

"व्हय म्हाराजा," आम्ही दोघे म्हणालो.

"ह्यो परमुलखात फिरता. खंय आसता, काय खाता, माका कळना नाय. तुका कळता. त्येची राखण कर म्हाराजा."

मी "व्हय म्हाराजा" म्हटलं. हे दर्याकडेच बघत राहिले. मी कोपराने ढोसलं तेव्हा म्हणाले.

नारळ फोडला. पावसाळ्यातल्या जुन्या छत्रीची लांब काडी वाळूत रोवलेली, तिच्यावर बाण चढवलेला. ह्यांनी उदबत्ती वातीला लावली आणि मागे धावले. धूर झाला, मोठा सूं आवाज आला आणि बाण गेला. माडांच्या वर गेला, पांढरा धूर मागे ठेवत गेला, सरळ गेला. वर एक बारीकसा फट आवाज, आणि छत्री उघडली.

म्हातारा कपाळावर हात धरून वर बघत होता. बाण खाली येईपर्यंत बघत होता. मग माझ्याकडे नाही, मुलाकडे वळला.

"बघलंस? तेल लावलंस म्हणान गेलो."

ह्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "होय बाबानू," म्हणाले. "तेलानच गेलो."

"बोटीर कधी जातलंस?"

"सोमवारी."

"थंय थंडी पडता काय रे?"

"पडता. बरीच पडता."

मग ते दोघे छत्री कुठे पडली ते शोधायला पुळणीच्या वाळूवरून चालू लागले, म्हातारा पुढे, हे मागे, आणि मधेच हे पुढे झाले आणि त्यांनी हात धरला. काहीतरी बोलत होते. मला ऐकू येत नव्हतं, आणि कोणी मला "सांग" म्हणत नव्हतं. मी तिथेच वाळूत बसले आणि रडले. आनंदाने म्हणावं तर तसं नव्हतं. इतकी वर्षं दोघांची तोंडं मी वाहत होते, ती त्या दिवशी खाली ठेवली, आणि आपण किती दमलो आहोत ते मला पहिल्यांदा कळलं.