पऱ्हाटीचं माप

टायमिंग चेनच्या हत्यारांचा मागवलेला संच उघडला, ऑइलचा वास आला आणि नरडाण्याचं लेथचं दुकान आठवलं.

तेव्हा माझी मोठी बहीण, अक्का, आमच्या जीपच्या इंजिनची ही चेन घरीच बदलत होती. चेन काढल्यावर इंजिन फिरू नये म्हणून त्याच्या भोकात घालायची पिन धुळ्यात कुठेच मिळेना. शेवटी अक्कानं पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, वाळकी काडी तासून त्या भोकात घट्ट बसवली आणि तीच लेथवाल्या नानांपुढे ठेवली. लाजेनं मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

नाना हसले. "हे माप?"

"माप बराबर शे, नाना. अशीच पिन करी द्या."

ती पिन पहिल्याच खेपेला बसली.

आज संचातली चकचकीत पिन भोकात सैल निघाली. मी सुरी घेतली आणि शेतात पऱ्हाटी शोधायला निघालो.