झरोक्याखालची फरशी

निसर्गात प्रत्येक जीवाची एक ठरलेली जागा असते. हे वाक्य मी बावीस वर्षं शाळेत शिकवत आलो आहे, आणि दर वर्षी ते म्हणताना माझा आवाज आपोआप खाली येतो, गाभाऱ्यात बोलावं तसा. आमच्या शाळेत ज्या बाईला हे वाक्य खरोखर कळलं होतं, तिची ठरलेली जागा जिन्याखाली होती. बादली, फिनेल आणि ती.

सगळे तिला मावशी म्हणत. खराटा भाल्यासारखा उभा धरून, हनुवटी वर करून ती समोरच्याला विचारायची, "खातं कोन, टाकतं कोन, अन् झाडतं कोन?" हा प्रश्न शेंगांची टरफलं टाकणाऱ्या पोरांना असे, तसाच वाढदिवसाच्या केकचं खोकं टेबलावर सोडून जाणाऱ्या आम्हा शिक्षकांनाही. भक्षक आणि विघटक यांचं नातं समजावायला मला दोन तासिका लागतात. तिचं एका दमात व्हायचं.

वाळूजहून रात्रपाळीच्या कामगारांना शहरात सोडणाऱ्या बसने ती यायची. बसमध्ये सगळे झोपलेले, ही एकटी जागी. चालकाला बोलायला कुणीतरी हवं म्हणून तो तिला बसवून घ्यायचा. शाळा उघडायच्या तासभर आधी ती हजर असायची. इतक्या लवकर येऊन ती करते काय, असं आम्हाला कधी वाटलं नाही. लवकर येणाऱ्या माणसाचं आपण कौतुक करतो, चौकशी करत नाही. तुम्हीही तुमच्या कार्यालयात हेच केलं असेल.

व्हरांडा झाडताना ती माझे तास ऐकायची. एकदा अन्नसाखळी शिकवून झाली, मुलं खेळायला गेली, आणि ती फळ्यासमोर येऊन उभी राहिली.

"सर, बान उलटा काढला तुमी."

"कुठला?"

"उंदराचा. खानारा उंदराकडं जातो ना? मंग बान तिकडं पायजे."

नववीतली निम्मी मुलं हीच चूक करतात. मी तिला मुलांना सांगतो तेच सांगितलं. बाण खाणारा कुठे जातो ते दाखवत नाही, अन्न कुठे जातं ते दाखवतो.

तिने जरा विचार केला. "म्हंजी उंदराच्या पोटात जे काय असंल, ते खानाऱ्याच्या पोटात."

"हो. सगळं."

"व्हय," ती म्हणाली आणि फळा पुसला.

आमच्या दगडी इमारतीत जिन्याच्या वर एक खोल झरोका आहे. त्या हिवाळ्यात तिथून फुस्स-फुस्स असा आवाज येऊ लागला. मुख्याध्यापकांनी प्लंबर बोलावला. त्याने दोन फेऱ्या मारल्या, सगळीकडे कान लावला आणि हात वर केले. "पाइपां तो सब सूखे हैं, साब. आवाज कायकू आरा, अल्ला जाने."

"टाकीचा व्हॉल्व्ह हाय त्यो," मावशी खालून म्हणाली. "जुना झाला की असाच करतो." एवढ्या ठामपणे बोलणाऱ्या माणसाला आमच्या शाळेत कुणी पुढचं विचारत नाही.

त्याच सुमाराला तपासणी समिती येणार असल्याचं पत्र आलं आणि शाळेला निसर्गप्रेमाचा झटका आला. दर्शनी भिंतीवर अन्नसाखळी रंगवायचं ठरलं. पेंटरने भाताचं रोप, उंदीर आणि घुबड काढलं. पाहुण्यांनी आत पाऊल टाकताच घुबड दिसणं मुख्याध्यापकांना बरं वाटेना, म्हणून त्यांनी त्याचा मोर करून घेतला. मोर उंदरावर जगतो का, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. मावशी मात्र खराटा टेकवून बराच वेळ त्या भिंतीकडे पाहत उभी होती.

चित्रातल्या उंदराला कुणाची हरकत नव्हती. खरे उंदीर मात्र पोषण आहाराच्या तांदळाच्या खोलीत होते, आणि ती खोली जिन्याला लागून. समिती येण्याआधी त्यांचा बंदोबस्त करायचा होता. औषधाच्या निळ्या वड्या मागवायचा कागद विज्ञान विभागाकडून जावा असं ठरलं, म्हणजे त्यावर सही माझी. वड्या ठेवायचं काम अर्थात मावशीचं.

पुडा घेऊन ती प्रयोगशाळेत आली. मी साहित्याच्या नोंदवहीत मोडक्या परीक्षानळ्या जुळवत होतो.

"सर, त्या बानाचं खरं हाय का?"

"कुठल्या बाणाचं?"

"उंदराच्या."

मी मान वर केली नाही. "परीक्षेपुरतं खरं आहे, मावशी."

ती हसली नाही. तिथे थोडा वेळ उभी राहिली, हे मला आठवतं. मग म्हणाली, "मंग ठेवते," आणि गेली.

या औषधाने उंदीर लगेच मरत नाही. चार-पाच दिवस तो सुस्त होऊन, उघड्यावर, हळूहळू फिरतो. याहून सोपी शिकार नाही. हे मला माहीत होतं. विचारलं असतं तर मी सांगितलंही असतं, दोन गुणांसाठी लिहितात तसं.

सहाव्या दिवशी पहिल्या तासाला ती वर्गात आली. दार न वाजवता, चपला न काढता. या दोन्ही गोष्टी तिने कधी केल्या नव्हत्या. पदरात काहीतरी धरलेलं होतं. ते तिने माझ्या टेबलावर खडूंच्या शेजारी ठेवलं. विड्याच्या पानाच्या आकाराचा पांढरा चेहरा, सोनेरी पाठ, चोचीच्या कडेला वाळलेलं रक्त. गव्हाणी घुबड इतकं हलकं असतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

"सर, बान खरा निघाला," ती म्हणाली.

मी पुस्तक मिटलं आणि पुन्हा उघडलं. पान तेच होतं.

दुपारी शिडी लावून मी झरोक्यात पाहिलं. आत तीन पिल्लं होती आणि तिन्ही मिळून आमचा व्हॉल्व्ह वाजवत होती. दुसरा पक्षी आलाच नाही. मावशीने खाटकाकडून बारीक तुकडे आणले, मी चिमट्याने भरवले. पण आईबापांनी त्यांनाही तेच उंदीर भरवले होते. दोन दिवसांनी झरोका शांत झाला.

"चला," मुख्याध्यापक म्हणाले, "तो व्हॉल्व्ह एकदाचा बसला."

पाण्याच्या टाकीमागे आम्ही दोघांनी खड्डा केला. तेव्हा मी तिला विचारलं, "आधी का नाही बोललात? किती वर्षं होती ती इथं?"

"माज्या आधीपासून. सांगितलं असतं तर हाकललं असतं. भिंतीवरचं सुदिक नाय खपलं तुमाला." खराट्याने माती सारखी करत ती म्हणाली, "म्हनून तर लवकर यायची. घंटेच्या आत फरशी साफ करायची. खाली घान दिसली की मान्सं वर बघतात."

मग तिने जिन्याखालून खजुराचा एक जुना पत्र्याचा डबा आणून माझ्या हातात दिला. आत करडे, वाळलेले गोळे होते. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि केस, हाडं गोळा करून ओकून टाकतं. एक गोळा मी फोडला. उंदराची कवटी दातांसकट शाबूत होती. "हाडं हायेत आत. टाकून देऊ वाटंना," ती म्हणाली. बावीस वर्षांत मी मुलांना असा एकही गोळा दाखवू शकलो नव्हतो. तिने मला न विचारता डबाभर साठवले होते.

मी तिला सांगितलं की चूक माझी होती. "वड्या म्या ठेवल्या," ती म्हणाली. या विषयावर आमचं एवढंच बोलणं झालं. त्यानंतर खराटा उभा धरून तो प्रश्न विचारताना मी तिला पाहिलं नाही.

समिती आली, मोर पाहून खूश झाली आणि गेली. उन्हाळ्यात मावशी काम सोडून लासूर स्टेशनला मुलीकडे गेली. आता सफाईला येणारा माणूस घंटेनंतर येतो. झरोक्याखालची फरशी तशीही साफच असते. उंदीर मात्र दिवाळीच्या आत परत आले.

समितीचा अहवाल त्याच सुमाराला मिळाला. स्वच्छतेला पैकीच्या पैकी गुण. जीवशास्त्र प्रयोगशाळेबाबत एकच त्रुटी दाखवलेली आहे: नमुन्यांच्या कपाटात 'पक्षी' असे लिहिलेल्या कप्प्यात खजुराचा डबा आढळला, तो काढून जागा सत्वर भरावी.