भाकरीबरोबरचा पास्ता

चि. ईरा आणि चि. निहार,

गेल्या रविवारी फोनवर निहारने विचारलं, "आजी, तू एकटी का राहतेस? आणि तुझा पास्ता आंबट का असतो?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे आणि ते फोनवर मावणारं नाही. शिवाय ईरा आता जोडाक्षरं न अडखळता वाचते, असं तुमची आई म्हणाली. म्हणून लिहायला बसले. ईराने वाचावं, निहारने ऐकावं, आणि बाबा मध्येच उठून गेले तर त्यांना हाक मारून परत बसवावं. यात त्यांचंही काम आहे.

आपल्या गावाहून, काष्टीहून, मी निघाले तेव्हा थंडी सरत आली होती. दारात टेम्पो उभा होता. त्यात माझा लोखंडी पलंग, पुस्तकांचं कपाट, गव्हाची कोठी आणि स्वयंपाकघराची दोन खोकी चढली होती. धाकटी आजी, म्हणजे माझी धाकटी जाऊ सुमन, प्रत्येक वस्तूवर शेरा मारत होती. "आक्का, परात एवढी मोठी कशाला? एकट्या मानसाला ताटात बी कनीक भिजती." मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "तिकडं शेजारी कोन हाय ते बी म्हाईत नसतं. जेवलात का न्हाई, कोन इचारनार?" मी म्हटलं, "मीच विचारीन मला." टेम्पोवाला हसला. सुमन हसली नाही.

मला कुणी घालवलं नव्हतं, हे तुम्ही नीट लक्षात ठेवा. आजोबा जाऊन वर्ष झालं होतं. मळ्यातल्या घराच्या पायऱ्या माझ्या गुडघ्यांना झेपेनात. शहरातला, सावेडीचा हा फ्लॅट आजोबांनीच आमच्या म्हातारपणासाठी घेऊन ठेवला होता. दीर आणि सुमन शेती नीट करत होते. मी आयुष्यभर गावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, वेळापत्रक बघून जगले. आता पुढचा तास कुठला, ते मी स्वतः ठरवलं आणि निघाले.

नवी जागा मला आवडली. कोपऱ्यावर दवाखाना, हाकेच्या अंतरावर वाचनालय. रस्त्याने चालताना एखादी स्कूटर थांबते आणि टक्कल पडलेला गृहस्थ म्हणतो, "मॅडम, मागच्या बाकावरचा मी. घरी सोडू का?" मी म्हणते, "आधी हेल्मेट घाल." हे सुख मला काष्टीतही नव्हतं, तिथे विद्यार्थी मला बघून गल्ली बदलायचे.

अडलं ते स्वयंपाकघरात. मळ्यावर आमचं पातेलं कधी एकट्यासाठी चुलीवर चढलंच नव्हतं. गडीमाणसं, पाहुणे, ऊस बघायला आलेला कुणी, सगळे पंगतीला. इथे एका भाकरीचं पीठ मळताना हात ओशाळायचे. हळूहळू मी चहा-बिस्किटांवर भागवू लागले. तुमच्या बाबांनी एकदा व्हिडिओ कॉलवर विचारलं, "आई, काय जेवलीस?" मी म्हटलं, "आमटी-भात." ते म्हणाले, "भांडं दाखव." भांडं नव्हतंच. त्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं, "नाताळात मी येतोय. तोवर नीट जेवायला लागली नाहीस, तर फ्लॅट बंद करून तुला इकडे कॅनडाला घेऊन जाणार."

बाबांची काळजी खरी होती. तुमच्याकडे मला काही कमी पडलं नसतं, तेही खरं. पण तिथे मी सगळ्यांच्या सोयीने उठले-बसले असते. इथे माझ्या दाराला माझी कडी आहे. ती सोडायची माझी तयारी नव्हती.

त्या उन्हाळ्यात तुम्ही आलात आणि ईराने मला तिचा पास्ता शिकवला. एकच पॅन; लोण्यात लसूण, त्यात कच्चा पास्ता, पाणी, दूध, मग पालक, शेवटी किसलेलं चीज. "आजी, पाणी फेकायचं नाही हं, त्यानेच क्रीमी होतं," असं तू मला बजावलंस. मला हसू आलं, ईरा. आपण वरणफळं करतो तेव्हा फळं वेगळी उकडून वरणात टाकतो का? ती वरणातच शिजतात आणि त्यांच्याच पिठाने वरण दाट होतं. म्हणजे जे तू मला शिकवत होतीस, ते माझ्या हाताला माहीत होतं. तू म्हणालीस, हे जेवणात बाजूला वाढायचं. म्हणजे तोंडी लावणं! आणि तोंडी लावणं झालं की भाकरी आलीच. तुम्ही गेल्यावर मी ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं. वाडगाभर सहज होतं, एका माणसाला पुरतं, आणि एकच भांडं घासावं लागतं. चहा-बिस्किटं सुटली.

पण बाबांचा विश्वास बसेना. मार्गशीर्षात एका सकाळी सुमन दारात उभी. हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "आक्का, मला तपासनीला धाडलंय. तुमच्या लेकानं. जेवून बघ म्हनला आन् खरं सांग म्हनला." सुमनला खोटं बोलता येत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

मी म्हटलं, "बस. आज पास्ता करते."

"मला भाकरी पायजे."

"ती पण करते."

त्या दिवशी पालक मिळाला नव्हता, म्हणून चाकवत आणला होता. आता आपल्याकडे चाकवत घेतला की भाजीवाली त्यावर आंबटचुक्याची जुडी न विचारता ठेवतेच. ती जोडीच आहे. आणि माझ्या हातांनीही इतक्या वर्षांच्या सवयीने दोन्ही एकत्रच निवडलं, एकत्रच चिरलं. पास्ता दुधात छान शिजत आला होता. मी भाजी ओतली, हलवली, आणि बघता बघता चुक्याच्या आंबटपणाने दुधाच्या कण्या झाल्या. हिरवट पाणी एकीकडे, कण्या एकीकडे.

सुमन डोकावली. "नासलं की वो, आक्का!" मग हळू आवाजात, "आता त्याला काय सांगू मी?"

त्या पॅनमध्ये मला माझा बंद झालेला फ्लॅट दिसत होता. पण माझी आई एक गोष्ट म्हणायची: "पाहुण्याच्या पानात आपली भीती वाढू नये." मी गॅस बारीक केला. चाकवताची ताकातली भाजी आपण कशी सावरतो? डाळीचं पीठ लावून. चमचाभर पीठ पाण्यात कालवलं, पॅनमध्ये घातलं आणि घोटत राहिले. पाणी दाट झालं. मग चीज किसून टाकलं. ते वितळलं आणि कण्या त्यात मिसळून गेल्या. वरून लसूण आणि लाल मिरचीची चरचरीत फोडणी दिली. बाजरीची भाकरी फुगली ती सुमनच्या ताटात टाकली आणि पास्ता बाजूला वाढला.

तिने भाकरीचा तुकडा मोडून पास्त्याची एक नळी उचलली, वास घेतला, खाल्ली. पुन्हा खाल्ली. "हे भाजी बी न्हाई आन् कालवन बी न्हाई," ती म्हणाली. "दिसाया लई वंगाळ हाय. आनखी वाढा."

दुसरी भाकरी संपल्यावर तिने हात धुतले आणि माझ्यासमोरच फोन लावला. "बाबू, तुझी आई जेवती. मला बी दोन भाकरी चारल्या. व्हय रे, मी सोता खाल्लं. न्हाई, शिकवून ठिवल्यालं न्हाई बोलत. कॅनडाचं तेवढं सोड आता."

पलीकडून तुमचे बाबा म्हणाले, "आईला दे." मी फोन घेतला. ते म्हणाले, "आई, राहा तू. नाताळात आलो की मला पण तेच कर." नाताळात ते आले, जेवले, आणि एकटेच परत गेले. त्यांना निरोप देताना मला रडू आलं, आणि ताठ मानेने हसूही आलं. दोन्ही एकदम येतं, तुम्ही मोठे झालात की कळेल.

आता मी मुद्दाम आंबटचुका घालते, निहार. पण पीठ आधी लावते. ईराचा पास्ता पांढराशुभ्र आणि गोडसर लागतो. माझा हिरवट, आंबट, लसणाचा असतो. दोन्ही बरोबर आहेत. तुम्ही तिकडे तुमच्या पद्धतीने करा.

काष्टीच्या घराची म्हैस गेली, चूल गेली, पंगती गेल्या. मळ्यात आता दीर आणि सुमन दोघंच जेवतात. तुम्ही सातासमुद्रापार, मी सावेडीत. पण आपल्या घरी आलेलं माणूस जेवल्याशिवाय जात नाही. ते अजून टिकून आहे.

तुमची आजी