मेघामावशी आणि माळावरचे दगड

आमच्या पाटोद्याच्या ऑफिसचं काम माती अन् पाणी अडवायचं. अडवायला गेलो पाणी, साठले किस्से! फाईल शोधायला अर्धा दिवस जातो. किस्सा मात्र चहाचा पहिला घोट घेतला की कुणीतरी काढतोच. अन् दहातले आठ मेघामावशींचे.

खरं नाव मेगन. वय अठ्ठावन्न. वेल्समधल्या डोंगरांवर मेंढ्यांसाठी दगडी भिंती रचण्यात निम्मं आयुष्य गेलेलं. सिमेंट नाही, चुना नाही, नुसता दगडावर दगड! आमच्या माळावर तसेच बांध घालायला सहा महिने बिनपगारी आल्या. गावानं दुसऱ्याच दिवशी मेगनची मेघा केली.

*

सत्काराला सरपंच म्हणाले, "इंग्लंडहून आलेल्या पाहुण्या..."

मावशी ताडकन उभ्या! "नॉट इंग्लंड! वेल्स!"

सरपंच गोंधळले. मागून आमचे गवंडी कोंडिबाकाका म्हणाले, "बरुबर हाय बाईचं. आपल्या बीडवाल्यांना कुणी नगरचं म्हणलं तर आपुन तरी गप बसू का?"

सगळ्यात जोरात टाळी मावशींनीच वाजवली. काय कळलं होतं, देव जाणे!

*

बांधावर कोंडिबाकाका अन् मावशींची जोडी जमली. काकांना इंग्रजीचं अक्षर येत नाही, मावशींना मराठीतलं फक्त "थांबा". एक दगड उचलायचा, दुसरा फिरवून दाखवायचा, दोघंही मान हलवायचे. दिवसभर बडबड चालू!

मला वाटलं, आपण मदत करावी. म्हटलं, "काका, त्या म्हणतायत..."

काका वैतागले. "सर, तुमी जरा गप बसा बरं. तुमी मधी बोललं की आमचं बोलणं चुकायलंय!"

*

ऑगस्टमध्ये एका रविवारी मावशींना सौताड्याचा धबधबा दाखवायला नेलं. पाऊस बरा झाला होता. हिरवी दरी, खाली कोसळणारं पाणी, अन् कठड्याशी ही गर्दी! मावशी मात्र पाण्याकडं पाठ करून माणसंच बघत उभ्या.

"मावशी, धबधबा तिकडं!"

"आमच्याकडं रोज पाऊस," त्या हळूच इंग्रजीत म्हणाल्या. "कुणी मान वर करून बघत नाही. पाण्याकडं असं बघणारी माणसं मी पहिल्यांदा बघतेय."

मग आम्हीही मोबाईल खिशात घातले अन् पाणी बघत उभे राहिलो.

*

पोळ्याला मावशी सकाळीच काकांच्या गोठ्यात. बैलांची शिंगं रंगवता रंगवता स्वतःचे केसही रंगवून घेतले! झूल, घुंगरं, मिरवणूक बघून हरखून गेल्या. मग स्वयंपाकघरात डोकावल्या, तर काकांची बायको साळूबाई पहाटेपासून चुलीपुढं.

मावशींनी मला विचारलं, "बैलांना आज सुट्टी. बायकांचा पोळा कधी असतो?"

मी मराठीत सांगितलं अन् फसलो! साळूबाई लाटणं घेऊन नवऱ्याकडं वळल्या. "ऐकलं का? सात समुद्र वलांडून आलेल्या बाईला दिसलं. तुमाला कावून दिसंना?"

उरलेल्या पुरणपोळ्या काकांनी लाटल्या. नकाशे झाले, पण लाटल्या!

*

पोळा झाला अन् लई मोठा पाऊस पडला. बिनसिमेंटचा बांध टिकणार नाही, असं येणारा जाणारा म्हणतच होता. सकाळी चिखल तुडवत आम्ही माळावर पळालो.

बांध उभा होता! वरच्या अंगाला गाळाची माती साचलेली, दगडांच्या फटींतून निवळ पाणी झिरपत होतं. फक्त मधला एक दगड निसटून खाली पडला होता.

मावशींनी तो बघितला अन् छातीवर हात ठेवला. "माय स्टोन. माय मिस्टेक."

काका उसळले. "तुमचा कसा? त्यो मी बसवलता! चूक माझी हाय!"

"नो, नो! माय स्टोन!"

"न्हाई म्हंतो ना बाई! माझाच!"

दोघं हातवारे करून भांडत होते, अन् दोघांना एकमेकांचं सगळं कळत होतं. चूक आपलीच म्हणून भांडणारी माणसं मी आमच्या खात्यात तरी पाहिली नव्हती.

शेजारी साळूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी विचारलं, "साळूबाई, खरं कुणाचा हो दगड?"

त्या हळूच म्हणाल्या, "माझा. त्या दिशी भाकरी घिऊन आलते, ही दोघं चहाला गेलती, तवा मीच ठिवलता. पर राहू द्या सर, लई गोड भांडायलेत!"